मध्यवर्ती बँक बाजारात उतरते तेव्हा विनिमय दराचं मॉडेल कसं बदलतं?

साधं ब्राउनियन मॉडेल (म्हणजे दर उड्या न मारता, पण कुठल्याही दिशेनं सतत हलत राहतो असं मानणारं) घेऊन दर १.२० च्या खाली जाणारच नाही अशी भिंत घातली की झालं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, तेवढ्यानं भागत नाही. स्विस फ्रँकचंच उदाहरण बघा.

६ सप्टेंबर २०११ ला स्विस नॅशनल बँकेनं जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, म्हणजे फ्रँक त्याहून महाग होऊ देणार नाही, त्यासाठी लागेल तेवढं परकीय चलन विकत घेऊ. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांचं १९९१ चं मॉडेल इथे उपयोगी पडतं. त्यात आजचा दर उद्याच्या अपेक्षेवरही ठरतो. बँक १.२० च्या सीमेवर दर राखायला उभी आहे यावर विश्वास असेल, तर व्यापारी आधीच सावध होतात, आणि बँकेनं काही न करताही सीमेजवळ दराची चढउतार मंदावते. २०१२ मध्ये बराच काळ दर १.२० ला चिकटून होता.

पण हे सगळं विश्वासावर उभं आहे. १५ जानेवारी २०१५ ला बँकेनं हमी काढून घेतली आणि काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. भिंतवालं मॉडेल अशा घसरणीला शून्य शक्यता देतं. माझ्या मते हीच त्यातली सर्वात धोकादायक चूक. म्हणून हमी मोडण्याची शक्यता आणि त्यासोबतची अचानक उडी, दोन्ही मॉडेलमध्ये घालाच.

आणखी एक: फ्रँक चढू नये म्हणून बँक हवे तेवढे फ्रँक छापू शकते. चलन पडू नये म्हणून मात्र परकीय गंगाजळी खर्चावी लागते, आणि ती संपते. तिथे गंगाजळीची पातळी हे वेगळं चल धरा.