अक्षरं बारीक दिसली तरी रिझोल्यूशन उतरवू नकोस

एम. जी. रोडवर मॉनिटर घ्यायला निघण्याआधी एवढं वाच. दुकानदार ‘फुल एचडी’ म्हणेल. म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके; यालाच रिझोल्यूशन म्हणतात. पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तेवढेच ठिपके २४ इंची मॉनिटरवर पसरले की इंचाला साधारण ९२ पडतात, १५.६ इंची लॅपटॉपवर १४१. साडेसहा इंची फोनवर, १०८० बाय २४०० असेल तर, ४०० च्या वर जातात. म्हणून तर सातबाऱ्याची पीडीएफ फोनवर इतकी कोरीव दिसते. २७ इंची घेणार असशील तर फुल एचडी नकोच, २५६० बाय १४४० बघ.

घरी आणल्यावर अक्षरं बारीक वाटली की बरेच जण थेट रिझोल्यूशनच कमी करतात. तसं अजिबात करू नकोस. पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच पक्के झालेले असतात. फुल एचडी पडद्यावर १३६६ बाय ७६८ निवडलंस की एका ठिपक्याचं चित्र आडवं आणि उभं सुमारे १.४ ठिपक्यांत बसवावं लागतं, आणि कडा पुसट होतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘रेकमेंडेड’ लिहिलेलंच राहू दे आणि स्केल १२५ टक्के कर. अक्षरं मोठी होतात, धारही टिकते.

दुकानात व्हिडिओ दाखवतील, त्यावर जाऊ नकोस. मराठी मजकूर उघडायला लाव आणि ‘विद्वान’, ‘सिद्ध’ असे शब्द शोध. पडद्याकडे न झुकता तुला द्व आणि द्ध वेगळे ओळखता आले, तरच पैसे दे.