गनीम, मेंढरं आणि घोडा

प्रश्न आला आहे तो असा: कबड्डीच्या समालोचनात ‘आता चढाई गनिमाच्या गोटात’ असं ऐकलं. प्रतिस्पर्ध्याला गनीम म्हणणं बरोबर का, आणि हा शब्द मूळचा कुठला?

गनीम म्हणजे शत्रू, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्याआधी डोक्यात जाणारी एक गोष्ट उरकतो. ‘गनिमी’वरूनच इंग्रजीत ‘गुरिल्ला’ झालं, हे दर शिवजयंतीला कुणीतरी माइकवरून ठणकावतंच. साफ चूक! स्पॅनिशमध्ये गेर्रा म्हणजे युद्ध आणि गेरिल्या म्हणजे छोटं युद्ध. १८०८ ते १८१४ मध्ये स्पेनचे लोक नेपोलियनच्या फौजांशी तसे लढले, त्या धामधुमीत शब्द इंग्रजीत गेला. महाराजांना असल्या टेकूची गरज नाही.

खरी गंमत अरबीत आहे. ‘गनम’ म्हणजे शेळ्यामेंढ्या आणि त्याच धातूवरून ‘गनीमत’ म्हणजे लढाईत हाती लागलेली लूट. वाळवंटातल्या टोळ्या एकमेकींवर धाड घालून न्यायच्या तरी काय? कळपच की! तेव्हा मेंढरं आधी, लूट मागाहून, असं माझं ठाम मत. उलटा क्रम लावणाऱ्या पंडितांनी मेंढरं कधी राखलेली नसावीत. हिंदीतलं ‘गनीमत है’ त्यातलंच, हाती लागलं तेवढं आपलं. अरबीत ‘गानिम’ म्हणजे लूट मिळवणारा, यशस्वी; आखातात आईबाप कौतुकाने मुलाचं नाव ठेवतात. फारसीतला ‘गनीम’ मात्र लुटारू आणि वैरी.

मोगलांच्या कागदांत गनीम म्हणजे मराठे, बऱ्याचदा ‘गनीम-ए-लईम’, म्हणजे नीच शत्रू. आपल्या कागदांत तोच शब्द मोगलांना. मग आपल्याच डावपेचाला आपण ‘शत्रूचा कावा’ का म्हणावं? मोगलांनी दिलेली शिवी आपण बिरुदासारखी मिरवली, असं मी धरून चालतो.

आणि कावा! त्याचा कावळ्याशी काडीचा संबंध नाही. घोड्याला गोल रिंगणात फिरवणं म्हणजे कावा. स्वार समोरून अंगावर येतोय असं वाटावं, आपण भाला सरसावावा, तोवर घोडं वळसा घेऊन बगलेला. त्या वळशाचा डाव झाला, डावाची लबाडी झाली, आणि घोडा गेल्यावर मागे उरला तो नुसता कावेबाज. हल्ली चार कार्यकर्ते मागच्या दाराने कचेरीत शिरले की बातमीत ‘गनिमी काव्याने आंदोलन’. अहो, घोडा कुठाय?

हां, कबड्डी राहिलीच. पलीकडच्या सात जणांना प्रतिस्पर्धी म्हणा, ते बिचारे आपलं अंगण राखून उभे असतात. गनीम म्हणायचंच असेल, तर चढाई करणाऱ्याला म्हणा. परक्याच्या हद्दीत एकटा शिरतो, दोघांना शिवतो आणि गुण घेऊन पळतो तो तोच.