पोरीला तिच्या आईबद्दल काय सांगायचं?

घरातल्या बाईचा खून झाला, किंवा ती बाहेर पडली आणि परतलीच नाही, की मागे राहिलेल्यांना छळणारा एक प्रश्न लेकरांचा असतो. कॅनडातल्या विनिपेग शहरात मी समुपदेशक आहे, तिथे माझ्याकडे तो सतत येतो. सुट्टीत मिरजेला गेले की तिथेही येतो, फक्त तिथे तो दार लोटून, आवाज खाली आणून विचारला जातो. पोराला काय सांगायचं? आत्ताच की जरा कळतं झाल्यावर? सांगून त्याच्या मनावर काही परिणाम तर होणार नाही ना?

इथल्या एका आजी-नातीची हकिकत सांगते, उत्तर त्यातच आहे. आजींनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

आजी अनिशिनाबे, म्हणजे कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी. विनिपेगच्या नॉर्थ एंड भागात राहतात. नात तेव्हा नऊ वर्षांची होती. ती तीन वर्षांची असताना तिची आई एका दुपारी घराबाहेर पडली, त्यानंतर ती कुणालाच दिसलेली नाही. आजींनी नातीला सांगितलं, आई अल्बर्टा प्रांतात कामाला गेली आहे. मावश्या, मामा, शेजारीपाजारी, सगळ्यांना हेच सांगायची ताकीद होती, आणि सगळ्यांनी ती सहा वर्षं पाळली.

शाळेनं त्यांना माझ्याकडे पाठवलं त्याचं कारण वेगळंच होतं. मुलगी वर्गात झोपायची. चौकशी केल्यावर कळलं, की ती रात्री उठून पुढच्या दाराचं कुलूप उघडून ठेवते. जानेवारी महिना, बाहेर उणे तीस, आणि वस्ती अशी की दार उघडं ठेवणं म्हणजे संकटाला आवतण. आजी पहाटे उठून कुलूप लावायच्या. नात परत काढायची. दोघी एकमेकींना त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या.

आजींनी पहिल्या भेटीत अंगावरचा कोट काढला नाही. बसल्या बसल्या मला विचारलं, "तू याची फाईल करणार का?"

हा प्रश्न समजून घेतला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आजींना सहाव्या वर्षी घरातून उचलून निवासी शाळेत घातलं होतं. चर्च आणि सरकार मिळून चालवत असलेल्या या शाळांमधून मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं गेली, आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या. शाळा ओसरत होत्या त्या काळात बालकल्याण खात्यानं त्यांचीच हजारो मुलं गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली. आजही मॅनिटोबा प्रांतात सरकारी ताब्यातल्या दर दहा मुलांपैकी जवळपास नऊ मूळ रहिवाशांची असतात. तेव्हा अशी आजी समुपदेशकासमोर गप्प बसते ती लाजेनं किंवा अडाणीपणानं नव्हे. नात रात्री दार उघडं टाकते हे कागदावर आलं, तर उद्या कुणीतरी नातीलाच घेऊन जाईल, हा तिचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणून आधी तेच बोलले. कोणत्या गोष्टी कायद्यानं मला कळवाव्याच लागतात, कोणत्या माझ्यापाशीच राहतात, मी काय लिहून ठेवते आणि ते कोण वाचू शकतं. जे लिहीन ते तुम्हाला दाखवीन म्हणाले, आणि दाखवलंही. त्या दिवशी नातीचा विषय निघालाच नाही. मला ते चाललं.

पुढच्या भेटींत एकेक गोष्ट बाहेर आली. दाराचं सगळं डिसेंबर २०२२ पासून सुरू झालं होतं. त्या महिन्यात विनिपेग पोलिसांनी एका माणसावर मूळ रहिवासी स्त्रियांच्या एकूण चार खुनांचे आरोप ठेवले. दोघींचे मृतदेह शहराबाहेरच्या कचरा डेपोत असावेत, पण तिथे शोध घेणं शक्य नाही, असंही पोलिसांनी सांगितलं. घरचे लोक रस्त्यावर उतरले, कडाक्याच्या थंडीत तंबू ठोकून बसले. टीव्हीवर रोज तेच. चौथ्या स्त्रीची तर ओळखच पटली नव्हती. तिला निनावी ठेवायचं नाही म्हणून इथल्या मूळ रहिवासी समाजानं 'बफेलो वुमन' हे नाव दिलं. ज्या ज्या घरातली बाई बेपत्ता होती, त्या त्या घरात त्या रात्री एकच विचार होता: ही आपली तर नाही?

आजी टीव्ही बंद करायच्या. पण शाळेच्या बसमध्ये टीव्ही लागत नाही, फोन लागतो. कुणीतरी चुलतभावाच्या फोनवर मुलीला तिच्या आईचा फोटो दाखवला होता. पोलिसांनी कधीतरी अटक केली तेव्हाचा. बातम्यांत वापरतात तसला.

म्हणजे आम्ही 'सांगायचं की नाही' यावर खल करत होतो, आणि निम्मं तिला कळलेलं होतं, तेही त्यातलं सगळ्यात वाईट निम्मं. मला बहुतेक घरांत हेच आढळतं. मुलांपर्यंत बातमी पोचलेली असते. घरात ती उच्चारायची मुभा आहे का, एवढंच ती मोठ्यांच्या चेहऱ्यांवर पाहत असतात. नाही असं दिसलं, की ती प्रश्न विचारायचं सोडतात आणि दुसरं काहीतरी करू लागतात. ही दार उघडत होती. आई खरंच कामाला गेली असेल, तर ती रात्रीअपरात्री येईल आणि तिला आत येता आलं पाहिजे, हे नऊ वर्षांच्या डोक्याला अगदी धरून होतं.

आजींची खरी भीती मात्र मरणाची नव्हती. "तिला लोक काय काय म्हणतील ते ही ऐकेल," त्या म्हणाल्या. लेकीला व्यसन होतं, काही काळ ती रस्त्यावर होती, आणि बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला गेल्यावर समोरच्यानं जे ऐकवलं ते आजी विसरल्या नव्हत्या. बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या मूळ रहिवासी स्त्रियांसाठी नेमलेल्या कॅनडाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगानं जून २०१९ मध्ये अहवाल दिला, २३१ मागण्या मांडल्या, या हिंसेला वंशसंहार म्हटलं. आजींना ते सगळं ठाऊक होतं. पण शेजारच्या पोरानं नातीला "तुझी आई तसली होती" म्हटलं, तर अहवाल कुठे पुरणार?

माझं मत असं पडलं, की त्यासाठीच घरच्यांनी आधी बोलायला हवं. आईचं व्यसन लपवू नये. तो आजार होता म्हणावं. आणि तिला इजा झाली असेल तर ती करणाऱ्यानं केली, तिच्या आजारानं नाही, हे त्याच दमात सांगावं. मूल हे दोन्ही एका वेळी पेलू शकतं. मोठ्यांनाच ते जड जातं.

कोणी सांगायचं, हा प्रश्न उरला. शाळेला वाटत होतं मी सांगावं. मी नकार दिला. समुपदेशक आज आहे, उद्या बदलून जाईल. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ज्यानं सांगितली तोच माणूस पुढे सापडू नये, हे बरं नव्हे. आणि माझ्या खोलीत, खेळण्यांच्या टोपल्यांमध्ये बसून हे ऐकावं असंही मला वाटेना.

त्यांच्या समाजात यासाठी रीत आहे. आजींच्या ओळखीच्या एक ज्येष्ठ बाई होत्या, मंडळ बसवणाऱ्या, म्हणजे सगळ्यांना गोलात बसवून एकेकाला बोलतं करणाऱ्या. त्यांना विनंती करायची तर तंबाखू हातात द्यावी लागते. लग्नाला अक्षत देऊन बोलावतात ना, तितकीच ती गोष्ट साधी आणि तितकीच सक्तीची. आजींनी तंबाखू दिली, बाईंनी घेतली, दिवस ठरला.

सामुदायिक केंद्राच्या मागच्या अंगणात एका मामानं शेकोटी पेटवली होती. आत गोल मांडलेल्या खुर्च्या: दोन मावश्या, चुलत भावंडं, आईची शाळेतली मैत्रीण, मी. सेज या सुगंधी वनस्पतीच्या पानांचा धूर प्रत्येकानं ओंजळीनं डोक्यावरून, छातीवरून घेतला. गरुडाचं पीस ज्याच्या हातात तोच बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना हा नियम शिकवायला हवा.

मुलीला त्या ज्येष्ठ बाईंनी एक काम दिलं होतं. रडणाऱ्यांनी डोळे पुसले की तो कागदी रुमाल गोळा करून पिशवीत टाकायचा. अश्रू फेकून द्यायचे नाहीत, ते औषध आहेत, ते शेवटी अग्नीत अर्पण करायचे. आयोगाच्या सुनावण्यांतही असंच करत. पिशवी घेऊन फिरणारी ती पोर रडणाऱ्या मोठ्या माणसांना घाबरली नाही, कारण तिला त्यांचं काहीतरी करायचं होतं.

आजींनी काय बोलायचं ते आम्ही आधी अनेकदा घासूनपुसून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझी आई हरवली आहे. ती कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. कुणीतरी तिला इजा केली असेल असं मला वाटतं. कामाला गेली म्हणून मी सांगितलं, ते खरं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी तुला घ्यायला येते, असं ती मला सांगून गेली होती."

मुलीनं पीस मागितलं. "ती कचऱ्यात आहे का?"

आजी म्हणाल्या, "मला माहीत नाही. मलाही रात्री तेच वाटतं."

याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. 'नाही गं, असं काही नसतं' म्हटलं असतं तर ती पुन्हा एकटी पडली असती.

त्यानंतर पीस फिरत राहिलं आणि माणसं आईबद्दल बोलू लागली. तिचं बॅनॉक, म्हणजे इथली जाड रोटी, दर वेळी खालून करपायचं. तिनं मण्यांचं काम शिकायला घेतलं आणि एकच कानातलं पुरं केलं. शाळेत बहिणीला चिडवणाऱ्या मुलाचं नाक फोडून ती आठवडाभर घरी बसली होती. मुलगी खदखदून हसली. आजी दचकल्या. मी मागाहून सांगितलं, मुलं दुःखात सलग बसत नाहीत. आत जातात, बाहेर येतात, पुन्हा जातात. घरी जाताना तिनं पिझ्झा मागितला, तो मिळाला. मैत्रिणीनं आणलेले आईचे फोटो आता तिच्याकडे आहेत, आणि पोलिसांच्या त्या फोटोची मक्तेदारी संपली.

दार? दार त्यानंतरही काही आठवडे उघडं सापडत होतं. मग नातीनंच तोडगा काढला. कुलूप लावायचं, पण खिडकीवर चिठ्ठी चिकटवायची: 'बेल वाजव, आम्ही झोपलोय.' आजींना ती चिठ्ठी सुरुवातीला बघवेना. मी म्हणाले, राहू द्या. मृतदेह मिळालेला नसताना ती गेली असं मान्य कर म्हणणं क्रूर आहे, आणि ती येईलच म्हणणं खोटं. दोन्हींच्या मधे कुठेतरी जगायला जागा लागते. ५ मे रोजी, बेपत्ता स्त्रियांच्या स्मरणार्थ लाल झगे टांगतात त्या दिवशी, तिला घरी ठेवायचं का असं शाळेनं विचारलं. आजी म्हणाल्या, तिलाच विचारा. ती गेली, फोटो घेऊन.

आता मिरजेच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे तंबाखू, पीस नाही, पण दिवसकार्य आहे, आणि नेमकं तेव्हा आपण मुलांना शेजारी पाठवून देतो. त्यांना तिथेच बसू द्या, हाताला काम द्या. 'आई देवाघरी गेली' लहान मुलाला पुरत नाही. घरी गेलेलं माणूस परत येतं असा त्याचा अनुभव असतो. ती मेली, तिचं शरीर आता चालत नाही, हे शब्द ऐकायला कठोर वाटतात, पण मुलाला तेच कळतात. 'स्टोव्हचा भडका उडाला' असं घरानं ठरवून ठेवलं असेल, तर शाळेत कुणीतरी खरं सांगणारच आहे. तुम्ही आधी सांगा. मारणारा बाप असेल तर 'बाबांनी आईला मारलं, ते चूक होतं' इतकंच. बापाचा द्वेष कर असं सांगू नका, त्याच्यावर प्रेम वाटलं तर रागावूही नका. मात्र मुलानं घटना पाहिली असेल आणि खटला चालू असेल, तर त्याच्याकडून ती वदवून घेऊ नका, पढवू तर मुळीच नका. तो आपण होऊन बोलला तर ऐका आणि वकिलांना कळवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, मरणाच्या गोष्टी करतं आहे, असं दिसलं तर थांबू नका, बालमानसतज्ज्ञांकडे न्या.

एकदा सांगितलं म्हणजे झालं, असंही होत नाही. कचरा डेपोतला शोध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, आणि पुढच्या काही महिन्यांत तिथे त्या दोघींचे अवशेष सापडले. मार्च २०२५ मध्ये बफेलो वुमनची ओळख पटली. ती दुसऱ्या घरातली लेक होती. आजींना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. त्या घरासाठी त्यांनी तंबाखू अग्नीत वाहिली. नात आता बारा वर्षांची होत आली होती. तिचे प्रश्नही बदलले होते.

कॅनडात सगळ्या प्रांतांमध्ये अशा कुटुंबांना पोलिसांकडून माहिती मिळवून देणारे संपर्क कक्ष आहेत. तिथल्या बाईंना भेटायला या वेळी नात बरोबर गेली. बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने देशपातळीवर सापडलेल्या अवशेषांशी ताडून पाहतात, ही सोय २०१८ पासून आहे, आणि आजींनी स्वतःचा नमुना दिला होता. नातीनं विचारलं, माझा चालेल का? बाई म्हणाल्या, पोटच्या लेकराचा तर फारच उपयोगी, पण तुझी तयारी आहे का, हे घरी बोलून घ्या. घरी बोलणं झालं, दोन्ही मावश्यांना बोलावून. पुढच्या आठवड्यात त्यांनी नमुन्याचा अर्ज भरून दिला.