पूर्वी गरीब मुलींना शाळेत शिवण आणि विणकाम सक्तीनं का शिकवत? त्याचा त्यांना खरंच उपयोग झाला का?

उपयोग झाला, पण आधी दुसऱ्यांना. मुलींच्या वाट्याला त्यातलं थोडंच आलं. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं शिवणाचा वर्ग चालवला आहे, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलते, सांभाळून घ्या.

सक्तीचं सर्वांत स्पष्ट उदाहरण इंग्लंडचं. १८६२ साली सरकारच्या शिक्षण खात्याचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनी तिथल्या प्राथमिक शाळांना नवे नियम लावले. इन्स्पेक्टर येणार, पोरांची वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घेणार आणि निकाल बघून शाळेला अनुदान मिळणार. मुलींसाठी वर आणखी एक अट होती: त्यांना साधी शिवण शिकवलीच पाहिजे, नाहीतर अनुदान नाही. त्यातला ‘साधी’ हा शब्द सोडू नका. नक्षीचं भरतकाम बंगल्यातल्या मुलींनी करायचं. मजुराच्या पोरीनं कड दुमडून हेम घालायची, दोन पट्ट्या जोडायच्या, काजं करायची, ठिगळ लावायचं, चार सुयांवर पायमोजे विणायचे आणि ते फाटले की रफू करायचे.

वर्ग मोठे, बाई एकटी. मग शाळांनी शिवणाची चक्क कवायत केली. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, घाला, सुई धरा, दोरा ओवा, सगळं हुकमावर, सगळ्या वर्गाचे हात एकदम वर. विणायच्या सुयांचीही तशीच कवायत. पाच-सहा वर्षांच्या मुलींना हे करायला लावत. मला तर दहा बायकांना एका वेळी सुईत दोरा ओवायला लावणं कधी जमलं नाही.

फुलीच्या टाक्यांनी अक्षरं काढायलाही शिकवत. पाहणाऱ्याला वाटतं, किती कौतुकानं केलंय! पण त्यामागचा हिशेब वेगळा होता. मोठ्या घरांत चादरी, उशांचे अभ्रे, हातपुसणी डझनांनी असत. धुवायला गेलेलं सगळं परत आलं का, हे कळावं म्हणून प्रत्येकावर मालकाची आद्याक्षरं आणि आकडा टाक्यांनी घालत. ज्या मोलकरणीला हे येतं तिला चांगल्या घरात काम मिळे. ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांचं मोठं अनाथालय होतं, तिथल्या मुलींनी केलेले नमुने आज संग्राहक जपतात. पांढऱ्या कापडावर लाल दोरा, बाराखडी गिरवावी तशी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा, टाके इतके बारीक की फोटोत मोठे करून पाहावे लागतात. त्या मुली सतराच्या आसपास झाल्या की बहुतेक घरकामाला पाठवत. म्हणजे ते लाल अक्षरांचं कापड नोकरीच्या अर्जाबरोबर जोडायचा दाखलाच म्हणा ना.

आता मला खटकते ती गोष्ट. शिवणाला तास लागतात. ते आणले कुठून? गणितातून. मुली सुईकामात गुंतलेल्या असतात, तेव्हा त्यांच्याकडून मुलग्यांइतक्या गणिताची अपेक्षा धरू नका, अशा सूचनाच तिथल्या इन्स्पेक्टरांना होत्या. ऐकायला दयाळू वाटतं. पण शिवणात पैसा कुठे असतो, हे शिंप्याला विचारा. टाके घालणाऱ्याला मजुरी मिळते, दुकान असतं ते बेतणाऱ्याचं, म्हणजे मापानं कापड कापणाऱ्याचं. आणि बेतणं म्हणजे गणितच. शिवाय कापड बेतायला शिकवत ते वरच्या इयत्तांत, आणि तिथवर पोचण्याआधीच पुष्कळ गरीब मुली शाळा सोडून कामाला लागलेल्या असत.

आपल्याकडे असं नव्हतं म्हणून खूश होऊ नका. पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं, तेच आजचं हुजूरपागा. तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या ‘मराठा’तून टीका झाली ती याच अंगानं: मुलींना हायस्कुलाचं इंग्रजी शिक्षण कशाला, शिवणकामासारखं घराला उपयोगी काही शिकवा. त्या मुली गरीब घरच्या नव्हत्या, तरी सुई पुढे केली गेलीच. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात वाचवलेल्या मुलींनाही शिवण शिकवली, पण तिथे माग होते, छापखानाही होता. मुलींच्या हातात सुईखेरीज दुसरंही काही दिलं, म्हणून मला ते काम मोठं वाटतं.

सुईदोऱ्यानं खरोखर आयुष्य पालटलं असं एक उदाहरण मात्र आहे, आजच्या तमिळनाडूतल्या नागरकोविलचं. तेव्हा तो भाग त्रावणकोर संस्थानात होता आणि तिथे माणसं गुलाम म्हणून विकली जात. मिशनरी मार्था मॉल्ट यांनी १८२०च्या सुमारास मुलींच्या शाळेत लेस विणायला शिकवलं. लेस गोऱ्या बायकांना विकली जाई, पैसे शाळेला आणि मुलींना मिळत. काही मुलींनी त्या कमाईतून मालकाला पैसे देऊन स्वतःला सोडवून घेतलं. संस्थानात गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १८५५ साली, म्हणजे या मुली कायद्याच्या आधीच मोकळ्या झाल्या. फरक कुठे पडला? माल बाजारात गेला आणि पैसा लेस विणणारीच्या हाती आला.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, चौथीतून शाळा सुटलेली. तिचा हेमटाका असा की उलटसुलट ओळखू येऊ नये. घरी आईबरोबर गोधड्या शिवून हात बसलेला. ब्लाउज बेतायला घेतला की मात्र रडकुंडीला यायची. छाती चौतीस, चौथा भाग किती, हे तिला सांगता येईना. एक दिवस पाहते तर पठ्ठीनं टेप चौतिसावर धरली, दोनदा दुमडली आणि घडी आली तिथे खडूची खूण केली. साडेआठ! वर शिलाईचा दीड इंच बरोबर सोडला.

त्यानंतर मी वर्गाची पहिली पंधरा मिनिटं पावकी-निमकीला, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांना दिली. बायका कुरकुरायच्या, आम्ही शिवण शिकायला आलोय म्हणून. ती मात्र तोंडपाठ म्हणायची, आणि तरीही कात्री लावायच्या आधी एकदा टेप दुमडून बघायचीच.