‘बऱ्यावाइटाचे ज्ञान’ की ‘पाप-पुण्याचे’?

प्रश्न : बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पुस्तकात एदेन बागेतल्या झाडाला ‘बऱ्यावाइटाचे ज्ञान करून देणारे झाड’ म्हटले आहे. ‘बरेवाईट’ हा शब्द इथे फारच घरगुती वाटतो. ‘पाप-पुण्य’ किंवा ‘सदसद्विवेक’ का नाही? आणि ते ज्ञान फळ खाल्ल्यावरच येणार असेल, तर त्याआधीच्या आदाम-हव्वेला निष्पाप म्हणावे, निरागस की अजाण? मग आज्ञाभंगाचा दोष तरी कसा लागतो?

उत्तर : शब्द घरगुती आहे खरा, पण म्हणूनच तो इथे बसतो. मूळ हिब्रूतले ‘तोव’ आणि ‘रा’ हे शब्दही तसेच रोजच्या वापरातले आहेत. पहिल्या अध्यायात ‘तोव’ ७ वेळा येतो. तिथे प्रकाश तोव, झाडेझुडपे तोव आणि शेवटी सगळी सृष्टीच फार तोव. दुसऱ्या अध्यायात हवीला देशाचे सोने तोव (२:१२, म्हणजे अध्याय २, वचन १२), आणि माणसाने एकटे असणे मात्र तोव नाही (२:१८). ‘रा’चेही तेच. फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, स्वप्नातल्या खप्पड, कुरूप गायींना हाच शब्द लागतो (४१:३), आणि यिर्मया संदेष्ट्याला दिसलेल्या टोपलीतली खाण्याजोगी न राहिलेली अंजिरेही ‘रा’च. सोन्याला पुण्य नसते आणि गायीला पाप नसते. तब्येत बरी, पीक बरे, वास वाईट, वागणे वाईट असे सगळे एकाच जोडीत घेणारा मराठी शब्द हवा असेल तर तो ‘बरेवाईट’च.

‘पाप-पुण्य’ म्हटले की आपल्याकडे कर्माचा हिशेब डोळ्यांपुढे येतो. जमा, खर्च आणि पुढच्या जन्मात ओढली जाणारी शिल्लक. या कथेत तो हिशेब नाही. किंबहुना पापासाठीचा ‘हत्तात’ हा शब्द तिसऱ्या अध्यायात, म्हणजे फळ खाण्याच्या प्रसंगात, एकदाही येत नाही. तो पहिल्यांदा येतो ४:७ मध्ये, काइन आपल्या भावाला मारण्याच्या बेतात असताना. ‘सदसद्विवेक’ त्यापेक्षा जवळचा, पण त्यातल्या ‘सत्-असत्’मध्ये खरे-खोटेही शिरते, आणि तीच सरमिसळ इथे अडचणीची ठरते. त्याकडे पुढे येतो.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, शुद्धलेखन : ‘वाईट’चे सामान्यरूप ‘वाइटा-’, म्हणून ‘बऱ्यावाइटाचे’, ‘बऱ्यावाईटाचे’ हे रूप सर्रास दिसते, पण चुकीचे आहे. दुसरी अर्थाची. जोडशब्द म्हणून ‘बरेवाईट’ मराठीत एका बाजूला कलला आहे. ‘जिवाचे बरेवाईट करून घेणे’, ‘काही बरेवाईट झाले तर’ यांत ‘बरे’ उरलेलेच नाही. जिथे ‘खाशील त्या दिवशी मरशील’ अशी ताकीद आहे, तिथे ही छटा नकळत ऐकू येते. स्वतःच्या लेखात ‘बरे काय आणि वाईट काय याचे ज्ञान’ असे सुटे केले तर घोटाळा टळतो. पहिल्या अध्यायात ‘चांगले’ आणि दुसऱ्यात ‘बरे’ असे दोन शब्द वापरल्याने मुळातला एकच धागा तुटतो, तो मात्र एका कंसात सांगून टाकावा लागेल.

आता हे ज्ञान म्हणजे नक्की काय? बायबलमध्ये हीच जोडी इतरत्र कुठे येते ते पाहिले तर बरेचसे उलगडते. ‘अनुवाद’ या पुस्तकात (१:३९) ज्यांना अजून बरेवाईट कळत नाही ती लहान मुले आहेत. यशया ७:१५-१६ मध्ये बाळ वाईट टाकून बरे निवडायला शिकेल त्या वयाचा उल्लेख आहे. दुसऱ्या टोकाला ८० वर्षांचा बर्जिल्लय दावीद राजाला विचारतो की मला आता बरेवाईट कळते का, खाल्ल्याप्यायल्याची चव तरी लागते का (२ शमुवेल १९:३५). आणि शलमोन गादीवर आल्यावर न्यायनिवाडा करता यावा म्हणून बरेवाईट ओळखणारे मन मागतो (१ राजे ३:९). म्हणजे लहानपणी नसलेली, पुढे येणारी, म्हातारपणी ओसरणारी आणि राजाला सर्वांत जास्त लागणारी अशी ही शक्ती आहे. मराठीत याला फार जुना शब्द आहे : जाणतेपण. ‘जाणता राजा’मधला जाणता आणि शलमोनाने मागितलेला जाणता यांत फारसे अंतर नाही.

अभ्यासकांनी आणखीही अर्थ सुचवले आहेत. हे लैंगिक ज्ञान आहे असे काही म्हणतात, कारण ‘यादा’ (जाणणे) हे क्रियापद ४:१ मध्ये शरीरसंबंधासाठी येते. ‘बरे-वाईट’ ही दोन टोके सांगून ‘सर्व काही’ सुचवले आहे, असेही म्हणतात. दोन्ही अर्थ ३:२२ वर अडखळतात. तिथे देव म्हणतो की माणूस बरेवाईट जाणण्यात आपल्यातल्या एकासारखा झाला आहे. देवाकडेही असलेले ज्ञान निव्वळ लैंगिक कसे असेल? सर्वज्ञता म्हणावी, तर खाल्ल्यावर त्या दोघांना कळले एवढेच, की आपण नागडे आहोत. आपल्याला काय हिताचे आणि काय अहिताचे हे स्वतः ठरवण्याची कुवत, हा अर्थ सगळ्या जागी टिकतो. तोच धरावा.

तुमची खरी अडचण, म्हणजे ‘ज्ञान नव्हते तर दोष कसला’, फार जुनी आहे. १२व्या शतकातला ज्यू विचारवंत मैमोनिदीझ तीच उलटी करून घेतो : आज्ञा मोडली आणि बक्षीस म्हणून ज्ञान मिळाले, हा कुठला न्याय? त्याचे उत्तर असे, की खरे-खोटे ओळखणारी बुद्धी माणसाला आधीपासूनच होती. ती नसती तर त्याला आज्ञा देण्यात अर्थच नव्हता. खाल्ल्यावर मिळाले ते लोकरूढीने ठरणारे बरे-वाईट, शोभणारे-न शोभणारे. नागडेपण आधीही दिसत होते, ते लाजिरवाणे नंतर वाटू लागले. ‘सदसद्विवेक’ नको म्हटले ते यासाठी. त्या शब्दाने त्याचा मुद्दा मांडायचीच सोय राहत नाही.

मजकूर नीट वाचला तर आज्ञा ठाऊक होती यात शंका राहत नाही. २:१७ मध्ये ती एकट्या पुरुषाला, एकवचनात, स्त्री घडवण्याआधी दिली आहे. ३:३ मध्ये स्त्री ती अनेकवचनात सांगते, आणि ‘स्पर्शही करू नका’ अशी मुळात नसलेली भर घालते. नियम आणि परिणाम दोन्ही तिला तोंडपाठ आहेत. नाही ती फक्त तो नियम का, हे तोलण्याची शक्ती. सांगितलेले पाळायला ती लागतच नाही.

इथे मराठी ‘ऐकणे’ उपयोगी पडते. आज्ञा करण्यासाठी हिब्रूत क्रियापद आहे (‘त्सिव्वा’, २:१६ आणि ३:११), पण ती पाळण्यासाठी पुष्कळदा ‘आवाज ऐकणे’ असे म्हणतात. ‘पोरगं ऐकत नाही’ यात आपणही कानांविषयी तक्रार करत नसतो. ३:१७ मध्ये दोष लावताना देव म्हणतो : तू बायकोचा आवाज ऐकलास. आणि ३:८ मध्ये बागेत फिरणाऱ्या देवाचा आवाज ऐकून दोघे लपतात. ऐकणे तेच, आवाजही तोच शब्द. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (५:१९) प्रेषित पौल आज्ञाभंगासाठी वापरतो तो ग्रीक ‘पाराकोए’ हा शब्दही ऐकण्याच्याच धातूवरून आला आहे. ‘आज्ञाभंग’ चूक नाही, पण त्याला कायद्याचा वास येतो. कथेच्या जवळ राहायचे तर ‘न ऐकणे’ चालेल.

राहिला निष्पाप-निरागस-अजाणचा प्रश्न. २:२५ मध्ये या तिन्हींपैकी काहीच नाही. तिथे एवढेच आहे की दोघे नागडी होती आणि त्यांना लाज वाटत नव्हती. ‘निष्पाप’ म्हणजे पापाचा हिशेब आधीच मांडल्यासारखे होते. ‘निरागस’ हा तपासून घेण्याजोगा शब्द आहे. संस्कृत ‘आगस्’ म्हणजे अपराध, म्हणून मुळात ‘निरागस’ म्हणजे निरपराध. पण आज मराठीत तो बाळाच्या हसण्यालाच लागतो. वाचक कोणता अर्थ घेईल याची खात्री नसल्याने चर्चेच्या लेखात टाळलेला बरा. ‘अजाण’ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तो ‘जाणणे’शी जोडलेला आहे आणि त्यात दोष किंवा निर्दोषपणाचा निकाल नाही. २ऱ्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मपंडित इरेनेयसनेही आदाम-हव्वेला बालकांसारखेच मानले होते. ‘पतन’ आणि ‘मूळ पाप’ हे शब्द मात्र नंतरच्या ख्रिस्ती धर्मविचाराचे आहेत. त्यांची मांडणी पुढे ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पक्की केली. ऑगस्टीनबद्दल लिहिताना ते वापरा. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा गोषवारा देताना नको. सफरचंदही नको, मुळात नुसते ‘फळ’ आहे.

जाता जाता सापाविषयी. त्याला ‘धूर्त’ म्हणतात तो शब्द ‘आरूम’, आणि अगदी आधीच्या ओळीत ‘नागडी’साठी ‘आरुम्मीम’ आहे. हा श्लेष मराठीत उतरत नाही. पण बायबलच्याच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात ‘आरूम’ कौतुकाने येतो, समंजस माणसासाठी (१२:१६, १४:१५). ‘धूर्त’मध्ये ते कौतुक मावत नाही. ‘शहाणा’मध्ये मावते, कारण ‘शहाणा मुलगा’ही आपलाच आणि ‘फार शहाणा आहेस’ हेही आपलेच.