स्ट्रॉबेरीचा मुरांबा म्हणायला हरकत कसली?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय : महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणून घरी साखरेच्या पाकात घातली, बरणीवर चिठ्ठी लावली ‘स्ट्रॉबेरीचा मुरांबा’. नणंदबाई म्हणाल्या, मुरांबा आंब्याचाच असतो, याला जाम म्हणायचं. कोणाचं खरं?

ताई, तुमचं खरं. खुशाल मुरांबा म्हणा. मुरब्बा म्हणालात तर आणखी उत्तम.

‘मुरलेला आंबा तो मुरांबा’ ही फोड ऐकून ऐकून कान किटले आहेत. पाककृती सांगणारे सांगतात, भाषा शिकवणारेही सांगतात, आणि समोर आवळ्याचा मुरांबा आला की हीच मंडळी ‘शब्द चुकीचा रूढ झालाय’ म्हणून मोकळी होतात. अहो, शब्द ठीक आहे, तुमची फोड चुकीची आहे! साखरांबा, गुळांबा, मेथांबा यांत आंबा खराच आहे. त्यांच्या पंगतीला बसून बसून मुरब्ब्यालाही आंबा चिकटला, आणि मोरंबा, मुरंबा, मुरांबा अशी रूपं झाली. शेजारी बघा : हिंदीत मुरब्बा, गुजरातीत मुरब्बो, बंगालीत मोरब्बा. बंगाली माणूस कोहळ्याचा मोरब्बा करतो, त्याला त्यात आंबा शोधावा लागत नाही.

आता खरी गंमत. अरबीत ‘रब्बा’ म्हणजे पोसणं, वाढवणं, लहानाचं मोठं करणं. त्यावरून मुरब्बा म्हणजे पोसलेला आणि मुरब्बी म्हणजे पोसणारा. होय, तोच आपला मुरब्बी! गुजराती पत्रांत वडीलधाऱ्यांना ‘मुरब्बी श्री’ असा मायना लिहितात तो याच शब्दाचा. ज्याचा आधार, ज्याच्या छायेत आपण वाढलो, तो मुरब्बी. मराठीनं मात्र ‘मुरब्बी राजकारणी’ म्हणजे राजकारणात मुरलेला, पक्का माणूस असा अर्थ घेतला. हे आपोआप झालं असं मला वाटत नाही. आपल्या कानाला ‘मुरणे’ आधीच ओळखीचं होतं. लोणचं मुरतं, जमिनीत पाणी मुरतं, माणूस धंद्यात मुरतो. या एका क्रियापदानं एकाच घरातले दोन पाहुणे आपल्याकडे वळवले : एकाला आंबा केलं, दुसऱ्याला अनुभवी. माझं तर मत आहे की ‘मुरणे’ नसतं तर मुरब्बी आजही मराठीत आश्रयदाताच राहिला असता.

या घरातला तिसरा शब्द मराठवाड्याला परका नाही. परभणी, नांदेडकडे उर्दू बोलणारे शेजारी गुणी लेकराबद्दल ‘तरबियत अच्छी है’ म्हणतात. तरबियत म्हणजे पालनपोषण, वळण, धातू (शब्दाचं मूळ) तोच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. म्हणून आमच्या परभणीत आवळ्याचा ‘मुरब्बा’च ऐकत मी वाढलो. त्याला गावंढळ समजून ‘मुरांबा’ अशी दुरुस्ती करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की मूळ उच्चार इकडे टिकलाय.

आणि फळ पोसायचं म्हणजे काय, ते ताईंच्या स्ट्रॉबेरीतच दिसतं. फळं धुवून, कोरडी करून, मग देठ काढून अख्खीच साखरेत रात्रभर ठेवली की सकाळी पातेल्यात लाल रस सुटलेला असतो. फळं पहिल्यांदा मलूल होतात, फिकी पडतात. तसंच मोठ्या आचेवर रटरटा उकळलं तर आकसून चिवट होतात. पण रस तेवढा आटवून फळांवर परत ओतला, झाकून ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, तर पाक हळूहळू आत शिरतो, फळ पुन्हा टपोरं होतं आणि काचेसारखी झाक येते. आवळा टोचून पाकात ठेवतात तेही यासाठीच. शेवटी लिंबू पिळायला विसरू नका. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे पाक दाट धरून ठेवणारा फळातला घटक, कमी; लिंबाशिवाय पाक नीट धरत नाही. जाममध्ये फळ ठेचून, शिजवून एकजीव करतात. तिथं पोसायला फळ उरतच नाही, म्हणून नणंदबाईंचा शब्द या बरणीला लागू नाही.

एक पक्ष म्हणतो की मुरब्बा ‘रब्बा’वरून नव्हे, ‘रुब’वरून आला. रुब म्हणजे आटवून दाट केलेला फळाचा रस. ऐकायला छान, पण त्या धातूवरून अरबी शब्दघडणीच्या नियमानं ‘मुरब्बब’ व्हायला हवं, मुरब्बा नाही. शिवाय रुबात नुसता रस. फोड नाही, अख्खं फळ नाही. ज्यात फळच नाही त्यावरून फळ जपणाऱ्या पदार्थाला नाव मिळालं, हे मला मुळीच पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी आधी मुरब्बी हा शब्द त्याच रुबापासून काढून दाखवावा.