शीर ब्लॉक झालीय तर ऑपरेशन का नाही करत?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आई 63 वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे पण आठवेल तेव्हा घेते. मागच्या महिन्यात सकाळी उठली तर उजव्या डोळ्याने एकदम धुरकट, समोरच्याचा चेहराच दिसेना. दुखत नव्हतं म्हणून आठवडाभर तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले पडद्याची मेन शीर ब्लॉक झालीय, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्या. मामा म्हणतात हार्टचा ब्लॉक काढतात तसा हा का नाही काढत, एकदाच काय ते ऑपरेशन करून टाका. इंजेक्शनचा खर्चही झेपत नाहीये. काय करू?
- एक वाचक, कराड

उत्तर: मामांचा प्रश्न रास्त आहे, डोळ्याच्या सर्जन लोकांनाही तो पडलाच होता. पण हार्टची रक्तवाहिनी तीनेक मिलीमीटरची असते आणि पडद्याची शीर मिलीमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही बारीक, त्यात मेन शिरेचा ब्लॉक डोळ्याच्या नसेच्या आत, नस डोळ्यातून बाहेर पडते तिथल्या जाळीदार भागाच्या आसपास असतो, तिथे स्टेंट कुठून घालणार? तरी प्रयत्न झाले. 2001 मध्ये अमेरिकेतल्या ओपरेमचॅक या सर्जनने डोळ्यातलं जेल काढून नसेच्या तोंडाशी, नाकाकडच्या बाजूला बारीक पात्याने चीर दिली, हेतू हा की शिरेभोवती आवळलेली रिंग सैल पडेल. कुणी शिरेत सुई घालून गुठळी विरघळवायचं औषध सोडलं. मेन शिरेऐवजी तिची एखादी फांदी ब्लॉक होते तेव्हा तिथे रोहिणी (शुद्ध रक्त आणणारी वाहिनी) शिरेवरून जाते आणि दोघींचं आवरण एकच असतं, ते कापून बघितलं 1988 पासून. ऐकायला सगळं पटतं हो, पण नजर खात्रीने सुधारते असं काही दिसलं नाही आणि रक्तस्राव, पडदा सुटणं, बाजूची नजर जाणं हे धोके होतेच. मग 2010 च्या सुमाराला इंजेक्शनं आली आणि ही ऑपरेशनं जवळपास बाजूलाच पडली.

इंजेक्शनने शीर उघडत नाही, हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही म्हणून सगळा घोळ होतो. तुंबलेल्या शिरेतून पाणी झिरपून पडद्याच्या मध्यभागी सूज येते, ती इंजेक्शनने उतरते. औषधाचा असर संपला की सूज परत येऊ शकते म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, ओसीटी स्कॅन (पडद्यावरची सूज दाखवणारी तपासणी) बघून हळूहळू अंतर वाढवतात. खर्चाचं म्हणाल तर डॉक्टरांना सरळ बेव्हासिझुमॅब या इंजेक्शनबद्दल विचारा, लाजू नका. ते बरंच स्वस्त पडतं आणि 2017 च्या एका मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये मेन शिरेच्या ब्लॉकला सहा महिन्यांनी अफ्लिबरसेप्ट या महागड्या इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरलं. फक्त डोस निर्जंतुक पद्धतीने भरलेला हवा, तेवढं विचारून घ्या.

ऑपरेशन आजही लागतं, पण वेगळ्या कारणाने: डोळ्यात रक्त भरलं आणि ते ओसरेना, किंवा पडदा ओढला जायला लागला तर. पडद्याला रक्त फारच कमी पोचत असेल तर नको त्या नवीन रक्तवाहिन्या फुटतात आणि जबर काचबिंदू होतो, बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांतच. तेव्हा लेझर करतात. म्हणून दर भेटीत डोळ्याचं प्रेशर मोजलंय ना हे बघा आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

बीपीची गोळी मात्र रोज स्वतःच्या हाताने द्या, दुसरा डोळाही त्याच बीपीवर आहे. साखर तपासली नसेल तर तीही तपासून घ्या.